सेल्स टॅक्सचं मेझर बॅलटवर आलं की काय करायचं: सॅन होजे आणि आसपासच्या नवीन मतदारांसाठी

मी इथे पहिल्यांदा मत दिलं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये. सिटिझनशिपची ओथ घेऊन थोडेच महिने झाले होते. पोस्टाने राज्याची मतदार पुस्तिका आली ती २२४ पानांची, कारण त्या वर्षी कॅलिफोर्नियात एकट्या राज्यपातळीवरचीच १७ प्रपोझिशन्स, म्हणजे मतदारांनी थेट हो किंवा नाही ठरवायचे प्रस्ताव, होती. काउंटीची पुस्तिका वेगळी, आणि बॅलट म्हणजे जाड कागदाची दोन्ही बाजूंनी छापलेली पानंच पानं. प्रेसिडेंट, सिनेटर वगैरे मी विचार करून भरलं, प्रपोझिशन्स नवऱ्यासोबत दोन रात्री बसून वाचली, आणि शेवटच्या पानावरच्या मेझर ए आणि मेझर बी या स्थानिक प्रस्तावांपाशी पोचेपर्यंत इतकं थकायला झालं होतं की नुसता प्रश्न वरवर वाचून खूण केली. त्यातलं मेझर बी म्हणजे डॉलरमागे अर्धा सेंट सेल्स टॅक्स, तोही ३० वर्षं. म्हणजे तेव्हापासून मी जे जे विकत घेते त्याच्या बिलात तो भरतेय आणि मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेल तरी भरतच असेन. प्रेसिडेंट चार वर्षांनी बदलतो, हे बदलत नाही. म्हणून हे सगळं लिहिते आहे, तुम्ही तरी शेवटचं पान आधी वाचा.

मी सँटा क्लारा काउंटीत, सॅन होजेमध्ये राहते त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. फ्रीमाँट, डब्लिन, सॅन रमोन वाल्यांना आकडे वेगळे पडतील पण पद्धत कॅलिफोर्नियाभर हीच.

१. सगळ्यात आधी: तुम्हाला मत आहे का?

हे पहिलं सांगते कारण इथे चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. ग्रीन कार्ड असेल, एच-१बी असेल, एल-२ असेल, कितीही वर्षं राहिलेले असा आणि कितीही टॅक्स भरत असा, या निवडणुकीत मत देता येत नाही. फक्त सिटिझन, वय १८. आणि नुसतं मत देणं नाही, मी सिटिझन आहे असं लिहून मतदार म्हणून नाव नोंदवणं हा सुद्धा गुन्हा आहे आणि पुढे तुमच्या सिटिझनशिपच्या अर्जात तो आडवा येतो.

हे घडतं कुठे, तर डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या सरकारी ऑफिसात. एप्रिल २०१८ पासून कॅलिफोर्नियात लायसन्स काढताना किंवा पत्ता बदलताना मतदार नोंदणी त्याच प्रक्रियेत जोडलेली आहे. आपण रांगेत उभं राहून कंटाळलेलो असतो आणि स्क्रीनवर पटापट नेक्स्ट दाबत जातो. तसं करू नका. सिटिझनशिपचा प्रश्न आला की थांबा, नीट वाचा, खरं तेच उत्तर द्या. आई-बाबांना ग्रीन कार्डवर आणलं असेल तर डीएमव्हीत त्यांच्या बाजूला उभे राहा, कारण त्यांना वाटतं की सरकारी माणूस विचारतोय म्हणजे हो म्हणायचं असतं.

मत नसेल तरी हा लेख सोडून देऊ नका, टॅक्स तुम्हीही भरताच, तुमच्यासाठी खाली दहावा मुद्दा आहे.

२. बिल वाचायला शिका

भारतातून नवीन आलं की पहिला धक्का हाच बसतो, पाटीवर २० डॉलर लिहिलंय आणि काउंटरवर २२ मागतात. आपल्याला एमआरपीची सवय, सगळे टॅक्स धरून छापील किंमत. इथे टॅक्स शेवटी वर चढतो. आपल्याकडे तो कोण ठरवतं, तर जीएसटी कौन्सिल. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली तेव्हा मुंबईकराला कोणी विचारलं नव्हतं की ठेवू की काढू. इथे मात्र विचारतात, आणि बिलावर जी एक ओळ दिसते ती आतून आठ-दहा वेगवेगळ्या निर्णयांची मोळी आहे.

सॅन होजेमध्ये १ एप्रिल २०२६ पासून दर आहे १० टक्के. तो असा बनतो:

राज्यभर सगळीकडे सारखा असलेला मूळ दर ७.२५ टक्के. त्यातला १ टक्का स्थानिक सरकारला म्हणजे साधारणपणे ज्या शहरात विक्री झाली त्या शहराला मिळतो, आणि पाव टक्का काउंटीच्या वाहतुकीला. म्हणून तर प्रत्येक शहराला आपल्याकडे मॉल, कारचे शोरूम पाहिजे असतात.

त्यावर काउंटीतल्या मतदारांनी वेळोवेळी मंजूर केलेले, आणि हे नीट बघा: १९७६ चा अर्धा टक्का व्हीटीएच्या, म्हणजे काउंटीच्या वाहतूक संस्थेच्या, बस-ट्रेनसाठी. २००० च्या मेझर एचा अर्धा टक्का, पुन्हा वाहतूक, ३० वर्षं, वसुली २००६ पासून. २००८ च्या मेझर बीचा एक अष्टमांश, बार्ट ही बे एरियाची लोकल ट्रेन सॅन होजेपर्यंत आली की चालवण्यासाठी. २०१२ च्या मेझर एचा एक अष्टमांश, काउंटीच्या कामांसाठी, जो मुळात १० वर्षांचा होता पण २०१८ मध्ये मतदारांनी पुढे चालू ठेवला. २०१६ च्या मेझर बीचा अर्धा, तोच माझा. २०२० च्या मेझर आरआरचा एक अष्टमांश, कॅलट्रेन या सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणाऱ्या लोकलसाठी. एवढी बेरीज केली की ९.१२५ होतात.

त्यात सॅन होजे शहराचा स्वतःचा पाव टक्का, जून २०१६ मध्ये १५ वर्षांसाठी मंजूर झालेला. झाले ९.३७५. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये काउंटीने आणलेलं मेझर ए, पाच अष्टमांश टक्का, ५ वर्षांसाठी. झाले बरोबर १०.

आता हे अष्टमांश प्रकरण. इथले लोक टक्का न म्हणता सेंट म्हणतात, हाफ-सेंट टॅक्स, वन-एट्थ सेंट टॅक्स. एक सेंट म्हणजे डॉलरमागे एक सेंट, म्हणजे एक टक्काच. मला हे डोक्यात बसायला वेळ लागला, शेवटी आजीचा आण्यांचा हिशोब आठवला आणि एकदम सोपं झालं. रुपयाचे सोळा आणे, तसं टक्क्याचे सोळा आणे धरा: एक अष्टमांश म्हणजे दोन आणे, अर्धा म्हणजे आठ आणे, पाच अष्टमांश म्हणजे दहा आणे. शंभर डॉलरच्या खरेदीला दोन आण्यांचं मेझर साडेबारा सेंट घेतं, दहा आण्यांचं साडेबासष्ट सेंट.

तुमच्या घराचा नेमका दर बघायचा असेल तर कॅलिफोर्नियाच्या सेल्स टॅक्स खात्याच्या, म्हणजे सीडीटीएफएच्या साइटवर पत्ता टाकून बघता येतो. पिनकोडवरून, म्हणजे इथल्या झिपवरून बघू नका, एका झिपमध्ये दोन शहरं येऊ शकतात आणि दर वेगळा निघतो.

३. कशावर लागतो, कशावर नाही

हे माहीत नसेल तर तुमच्या घराला किती पडणार हा हिशोब चुकतो. पीठ, डाळ, तांदूळ, भाजी, दूध, फळं यावर टॅक्स नाही. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांवर नाही. लहान मुलांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड २०२० पासून सुटले. केस कापणं, शिकवणी, प्लंबर अशा सेवांवर नाही. पण कपडे, भांडी, फोन, फर्निचर, सोडा (कोला वगैरे), रेस्टॉरंटमधलं जेवण यावर आहे. इंडियन स्टोअरच्या बिलात बघा, आटा आणि तूरडाळ बिनटॅक्सची आणि त्याच बिलात प्रेशर कुकर, उदबत्ती, काउंटरवरचा गरम समोसा टॅक्ससकट.

दोन सापळे. कार दुसऱ्या काउंटीत जाऊन घेतली तर टॅक्स कमी लागेल असं खूप जणांना वाटतं. नाही लागत, गाडी ज्या पत्त्यावर रजिस्टर होणार तिथला दर धरतात. ऑनलाइन मागवलं तरी पार्सल जिथे येणार त्या पत्त्याचा दर लागतो.

४. मेझर म्हणजे काय, आणि अक्षरांवर विसंबू नका

राज्यभर मतदान असेल तर त्याला प्रपोझिशन म्हणतात आणि त्याला नंबर असतो. शहर, काउंटी, शाळा यांच्या पातळीवर असेल तर मेझर, आणि त्याला अक्षर असतं. एवढंच.

गोंधळ असा की अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. वरची यादी परत बघा, किती मेझर ए आहेत. शिवाय नोव्हेंबर २०१६ मध्येच काउंटीचं आणखी एक मेझर ए होतं, ९५ कोटी डॉलरच्या घरबांधणी बाँडचं. त्याच वर्षी जूनमध्ये मेझर बी म्हणजे सॅन होजेचा पाव सेंट आणि नोव्हेंबरमध्ये मेझर बी म्हणजे व्हीटीएचा अर्धा सेंट. मी शेजारच्या काकूंना विचारलं होतं की मेझर बी काय आहे हो, आणि त्यांनी मला जूनचं समजावलं, पोलिस आणि रस्ते आणि १५ वर्षं, आणि मी तेच धरून बसले. म्हणून कोणाशी बोलताना किंवा शोधताना नेहमी तीन गोष्टी एकत्र म्हणा: वर्ष, काउंटी का शहर, आणि अक्षर.

मेझरने टॅक्सच येतो असं नाही. तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे. सेल्स टॅक्स, जो सगळेच भरतात. बाँड, म्हणजे शहर किंवा शाळा कर्ज काढते आणि ते घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून फिटतं. आणि पार्सल टॅक्स, म्हणजे प्रत्येक मालमत्तेला ठरावीक रक्कम, जसं जून २०१६ मध्ये खाडीकिनाऱ्याच्या दलदली वाचवण्यासाठी बे एरियाच्या नऊ काउंट्यांतल्या मतदारांनी मिळून वर्षाला १२ डॉलर २० वर्षांसाठी मान्य केले. भाड्याने राहत असाल तर शेवटचे दोन थेट तुमच्या हातून जात नाहीत, पण भाडं वाढताना मालक ते विसरत नाही.

मग सगळी शहरं सेल्स टॅक्सच्याच मागे का लागतात? याचं मूळ १९७८ च्या प्रपोझिशन १३ मध्ये आहे. त्याने प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला, आणि घर विकलं जात नाही तोवर ती हिशोबाची किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढू शकते. म्हणून एकाच गल्लीत चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेले आजोबा आणि गेल्या वर्षी घर घेतलेलं जोडपं यांच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये प्रचंड फरक असतो. शहराला फायर ब्रिगेडचे पगार वाढवायचेत, वाचनालय रविवारी उघडं ठेवायचंय, तर ती वाट बंद. उरतो सेल्स टॅक्स. मला स्वतःला हे पटत नाही, कारण महिन्याला तीन हजार कमावणारा आणि वीस हजार कमावणारा दोघंही वॉशिंग मशीनवर तेवढाच टॅक्स देतात आणि पहिल्याला तो कितीतरी जास्त टोचतो. तरी प्रत्येक वेळी मी नाही म्हणत नाही, कारण दुसरी वाट नसताना वाचनालय बंद पडू देणंही मला पटत नाही.

५. जनरल की स्पेशल? हा एक प्रश्न विचाराच

एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

जनरल टॅक्स म्हणजे पैसे शहराच्या किंवा काउंटीच्या मुख्य तिजोरीत जातात आणि सिटी कौन्सिल किंवा काउंटी बोर्ड दरवर्षीच्या बजेटमध्ये ठरवतं कुठे खर्चायचे. मंजुरीला निम्म्याहून एक मत जास्त, बस. स्पेशल टॅक्स म्हणजे पैसे कशावर खर्चायचे ते मेझरमध्येच कायद्याने बांधलेलं, दुसरीकडे वळवता येत नाहीत. त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. हा नियम १९९६ च्या प्रपोझिशन २१८ ने पक्का केला.

दोन तृतीयांश हा फार मोठा डोंगर आहे. २००८ चं बार्टचं मेझर मतदानाच्या रात्री पडल्यासारखंच दिसत होतं, मग आठवडे उशिरा आलेली मतं मोजत गेले आणि ते कसंबसं काठावर पास झालं. मोजकी माणसं घरी बसली असती तर सॅन होजेतल्या बार्टच्या बेरियेसा स्टेशनचं गणित वेगळं झालं असतं. म्हणून शहरं हल्ली जनरल टॅक्स आणणं पसंत करतात, ५० टक्क्यांवर काम होतं.

आता सापळा बघा. जनरल टॅक्स असला तरी बॅलटवरच्या प्रश्नात छान छान कामांची यादी असते, खड्डे बुजवणं, ९११ ला लवकर प्रतिसाद, उद्यानं, बेघरांसाठी सोय. ती यादी इच्छा आहे, करार नाही. सॅन होजेचं मार्च २०२० चं मेझर ई घ्या, २० लाख डॉलर आणि त्यावरच्या घरांच्या विक्रीवरचा टॅक्स. परवडणाऱ्या घरांसाठी म्हणून त्याची ओळख होती आणि कौन्सिलने तसं धोरणही केलं. पण तो जनरल टॅक्स, त्यामुळे पुढच्या बजेटांमध्ये कौन्सिलने त्यातला मोठा हिस्सा तात्पुरत्या निवाऱ्यांकडे वळवला. कायद्याने त्यात काही चूक नाही. निवारेही गरजेचेच आहेत. पण ज्याने घरं बांधली जातील म्हणून हो म्हटलं त्याला आधी माहीत हवं होतं की हे बदलू शकतं.

उलट स्पेशल टॅक्सलाही हमी नाही की काम लगेच होईल. माझं २०१६ चं मेझर बी स्पेशल होतं, त्याला ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली, एप्रिल २०१७ पासून वसुली सुरू झाली, आणि एका खटल्यामुळे ते पैसे २०१९ पर्यंत बाजूला ठेवावे लागले. आम्ही भरत होतो, काम सुरू नव्हतं.

नोव्हेंबर २०२५ चं मेझर एसुद्धा जनरलच होतं. जुलै २०२५ च्या फेडरल कायद्याने मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचे (कॅलिफोर्नियात त्याला मेडि-कॅल म्हणतात) पैसे कापले, काउंटीची हॉस्पिटलं बरीचशी त्यावर चालतात, म्हणून काउंटीने घाईने हे मेझर आणलं. जनरल टॅक्स एरवी त्या बोर्डाच्या सदस्यांच्या नेहमीच्या निवडणुकीसोबतच आणावा लागतो, आधी आणायचा तर आणीबाणी आहे असं बोर्डाने एकमताने म्हणावं लागतं. मी हो म्हटलं, काउंटीच्या व्हॅली मेडिकल हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत कोण कोण येतं ते मी पाहिलंय. पण जनरल आहे हे जाणून हो म्हटलं, आणि ५ वर्षांचीच मुदत आहे हे बघून.

अजून एक वाट आहे. नागरिकांनी सह्या गोळा करून स्पेशल टॅक्सचं मेझर आणलं तर त्याला साधं बहुमत पुरतं, असं कोर्टांनी गेल्या काही वर्षांत धरलंय. बार्ट, कॅलट्रेन वगैरे वाचवायला २०२५ मध्ये राज्याने कायदा करून नोव्हेंबर २०२६ साठी जी वाट मोकळी केली तिच्यातही सह्यांचा मार्ग आहे. म्हणून स्टोअरबाहेर कोणी क्लिपबोर्ड घेऊन उभं असलं तर नुसतं 'गुड कॉज' म्हणून सही करू नका, वर लिहिलेलं वाचा. आणि सही फक्त नोंदवलेल्या मतदारानेच करायची.

६. पुस्तिका कुठून वाचायची

काउंटीची मतदार पुस्तिका घरी येते. पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर माझ्यासारखे थकाल. हा क्रम लावा:

आधी बॅलटवरचा प्रश्न, जो ७५ शब्दांत बसवावा लागतो. २०१७ च्या कायद्यापासून त्यात दर किती, वर्षाला अंदाजे किती रक्कम जमेल आणि किती वर्षं, हे तिन्ही लिहावं लागतं. तिन्हींना पेनाने गोल करा. 'मतदार रद्द करेपर्यंत' असं असेल तर ती कायमचीच मुदत समजा.

मग शहराच्या किंवा काउंटीच्या वकिलाने लिहिलेलं निष्पक्ष विश्लेषण. हे सगळ्यात कामाचं पान. जनरल की स्पेशल, किती मतं लागणार, आजचा दर किती आणि नंतर किती, बहुतेक सगळं इथेच सापडतं. भाषा रटाळ असते, दोनदा वाचावं लागतं, वाचा.

मग बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं, आणि त्यावरची एकमेकांना उत्तरं. इथे मी आधी खालच्या सह्या बघते. फायर ब्रिगेडच्या युनियनने बाजूने सही केली असेल आणि करदात्यांच्या संघटनेने विरोधात, तर त्यात नवल नाही. नेहमी एका बाजूला असणारे लोक या वेळी दुसऱ्या बाजूला दिसले तर मात्र मी थांबते आणि का ते शोधते. विरोधातलं म्हणणं छापलेलंच नसेल तर त्याचा अर्थ सगळ्यांना मान्य आहे असा नाही, कोणी मुदतीत लिहून दिलं नाही एवढाच.

शेवटी पूर्ण मजकूर. सगळा वाचला नाहीत तरी खर्चाचा कलम, मुदतीचा कलम आणि देखरेख समितीचा कलम शोधा.

इंग्रजी वाचताना घरातल्या मोठ्यांना अडचण येत असेल तर आपल्या काउंटीत संदर्भासाठी बॅलटची हिंदी प्रत मागता येते. मराठी नाही, पण माझ्या सासूबाईंचं हिंदीत व्यवस्थित भागलं.

७. स्वतःच्या घराला किती पडेल ते काढा

क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट घ्या, किराणा, भाडं किंवा हप्ता, विमा, शाळा, सेवा हे सगळं काढून टाका. जे उरतं ते साधारण टॅक्स लागणारं. समजा वर्षाला २५,००० डॉलर. पाच अष्टमांशने त्यावर वाढले १५६ डॉलर २५ सेंट. त्याच वर्षी ३०,००० ची गाडी घेतली तर आणखी १८७ डॉलर ५० सेंट. हा आकडा समोर ठेवून मग विचार करा की यात मला आणि गावाला काय मिळतंय. 'कॉफीच्या एका कपाएवढाच खर्च' असं कोणी म्हणालं तरी आपला आकडा आपल्याजवळ पाहिजे.

८. पोस्टातली रंगीत पत्रकं

ऑक्टोबरमध्ये रोज दोन-तीन येतील. फोटो बघू नका, तळाशी बारीक अक्षरात पैसे कोणी दिले ते लिहिलेलं असतं, ते बघा. शहराकडून आलेलं पत्रक माहिती देऊ शकतं, पण हो म्हणा किंवा नाही म्हणा असं सरकारी पैशाने सांगायला बंदी आहे, त्यामुळे त्यातला सूर ओळखायला शिका, माहितीच असते पण निवडून दिलेली. आणि आपले व्हॉट्सॅप ग्रुप. तिथे कोणीतरी 'हे सगळे नो, हे सगळे येस' अशी यादी टाकतं आणि पन्नास जण तेच भरतात. यादी टाकणाऱ्याला फक्त विचारा, जनरल आहे का स्पेशल? उत्तर नाही आलं तर यादी बाजूला ठेवा.

९. कागद, नोंदणी आणि बॅलट पाठवणं

नोंदणीला लागतं: कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी नंबर, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, राहता पत्ता. नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर ऑनलाइन होते. निवडणुकीच्या १५ दिवस आधीची मुदत आहे. ती चुकली तरी व्होट सेंटरवर प्रत्यक्ष जाऊन मतदानाच्या दिवसापर्यंत नोंदवून मत देता येतं, ते मत नोंदणी तपासून मग मोजतात.

बॅलट सगळ्यांना पोस्टाने येतं, साधारण महिनाभर आधी. परत पाठवायला तिकीट लागत नाही.

इथे आपल्या लोकांची हमखास होणारी चूक म्हणजे सही. पाकिटावरची सही तुमच्या मतदार नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात, आणि ती बहुतेक वेळा लायसन्सवरचीच असते. लायसन्सवर इंग्रजीत सही आणि पाकिटावर हौसेने मराठीत केलीत तर बॅलट अडकतं. एकमेकांच्या पाकिटावर नवरा-बायकोने सही करणं हे तर दर वेळी कोणाच्या तरी घरी होतं, दोन पाकिटं टेबलावर, घाईत अदलाबदल. नावाचंही बघा, सिटिझनशिपच्या वेळी मधलं नाव बदललं असेल, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं असेल, तर नोंदणीही नवीन करा. सही जुळली नाही तर काउंटी पत्र पाठवते आणि दुरुस्तीची संधी देते, ते पत्र जाहिरात समजून फेकू नका.

पोस्टाने पाठवलं तर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा आणि सात दिवसांत पोचायला हवं. शेवटच्या दिवशी पोस्टावर सोडू नका, अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाका, रात्री ८ च्या आत. मत कुठे पोचलं याचा मेसेज फोनवर येतो, त्यासाठी राज्याच्या ट्रॅकिंग सेवेत एकदा नाव टाकून ठेवा.

सगळे रकाने भरायलाच पाहिजेत असं नाही. जे समजलं नाही ते कोरं ठेवलं तरी बाकीची मतं मोजली जातात. अंदाजाने खूण करण्यापेक्षा कोरं बरं.

१०. मत नाही, तरी बोलता येतं

सिटी कौन्सिलच्या आणि काउंटी बोर्डाच्या बैठकीत बोलायला सिटिझनशिप लागत नाही. नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी जाहीर करावा लागतो, त्यात मेझर बॅलटवर ठेवायचं की नाही हा विषय आला की जा, नाव सांगायचीही सक्ती नाही, मिनिट-दोन मिनिटं मिळतात. खरं तर तेव्हाच बोलायचा जास्त उपयोग, कारण दर किती, मुदत किती, देखरेख समिती असावी का हे तिथे ठरतं. बॅलटवर आलं की फक्त हो किंवा नाही. मी ग्रीन कार्डवर असताना आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वेळांबद्दल एकदा बोलले होते, कागदावर लिहून नेलं होतं आणि हात थरथरत होते. ऐकून घेतलं सगळ्यांनी.

११. निकालानंतर

त्या रात्रीच्या आकड्यावर जाऊ नका, दोन तृतीयांशवालं असेल तर तर नकोच, मोजणी आठवडे चालते. नोव्हेंबरमध्ये पास झालेला सेल्स टॅक्स साधारण १ एप्रिलला लागू होतो, कारण नवे दर तिमाहीच्या पहिल्या तारखेलाच सुरू होतात आणि मध्ये तयारीला ११० दिवसांहून जास्त सोडावे लागतात. मोठी खरेदी करायचीच असेल तर मार्चमध्ये उरका.

देखरेख समिती असेल तर तिचा वार्षिक अहवाल साइटवर टाकतात. कोणी वाचत नाही तो. मी दरवर्षी २०१६ च्या मेझर बीचा उघडते, रस्त्यांसाठीच्या रकान्यात सॅन होजेला किती मिळाले ते बघते. आणि सँटा क्लाराच्या कुठल्याही समितीवर जागा रिकामी झाली की अर्ज मागवतात, त्याची सूचना काउंटीच्या आणि शहराच्या साइटवर येते. शिक्षण अकाउंटिंगमधलं असलेले आपले कितीतरी लोक इथे आहेत, आणि तिथे लागतं ते नेमकं तेच.